बेलीफभाऊंचे छर्रे

प्रिय ओजस आणि तन्वी,

गेल्या रविवारी फोनवर ओजसने सांगितलं की तिकडच्या क्लबात तो एअर रायफल शिकतो आहे. स्लग नावाच्या गोळ्या कोणत्या घ्याव्यात हे त्याचं ठरत नाही. चांगल्या म्हणतात त्या महाग, आणि स्वस्तातल्या नीट लागतील याची खात्री नाही. मग तो हसून म्हणाला, "जाऊ दे आजी, तुला यातलं काय कळणार!" मी विषय बदलला, कारण उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. मला बंदूक चालवता येत नाही. पण गोळी कशी निवडावी आणि कशी निवडू नये, हे मी एका माणसाजवळ बसून पुष्कळ पाहिलं आहे. तो माणूस पोलादपूरला आमचा घरमालक होता. त्याला ओळखणारे आता फार उरले नाहीत, म्हणून ओजसच्या प्रश्नाच्या निमित्ताने लिहून ठेवते. तन्वीने मोठ्याने वाचावं. ओजसचं मराठी वाचन अजून अडखळतं.

नव्वदच्या दशकात तुमचे आजोबा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात होते आणि मी पोलादपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळेजवळ म्हणून आम्ही पोलादपूरला लागून असलेल्या एका वाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या अंगाला आम्ही, मागच्या अंगाला मालक आणि त्यांची बायको. मालक महाडच्या कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झाले होते. बेलीफ म्हणजे कोर्टाची नोटीस दारात जाऊन बजावणारा, आणि निकालानंतर कोणी पैसे भरले नाहीत तर त्याच दारात जप्तीला जाणारा माणूस. सगळी वाडी त्यांना भाऊ म्हणे, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायला लागलो.

भाऊ उंच, वाळके, आणि बारा महिने हातात छत्री. नोकरी संपली तरी तिची रीत सुटली नव्हती. आमचं दार उघडं असलं तरी ते कडी वाजवत आणि विचारत, "बाई, हजर आहात का?" मी समोरच भाजी चिरत बसलेली असे. "हजर आहे" असं म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य येत नसे. त्यांनी कधी कोणाच्या घरी चहा घेतला नाही. आज ज्या घरी चहा प्यायचा तिथेच उद्या जप्तीला जावं लागलं तर काय, असा नोकरीतला विचार. निवृत्तीनंतर तो प्रश्न उरला नव्हता, तरी चहा नाहीच. दिवाळीला मी फराळाचं ताट नेलं, तर त्यांनी ते दारातच घेतलं आणि मी उभी असतानाच रिकामं करून, त्यांच्या घरचा फराळ घालून, परत माझ्या हातात दिलं.

आणि पंच. कोर्टाचा पंचनामा दोन पंचांसमोर होतो. भाऊंचं घरातलं कामही पंचांशिवाय होत नसे. विहिरीचा दोर बदलायचा, गुळाची ढेप फोडायची, गॅसची टाकी लावायची, प्रत्येक वेळी दोन माणसं साक्षीला हवीत. एक पंच कायम त्यांची बायको. त्यांना आम्ही वहिनी म्हणत असू. दुसरी पंच लवकरच मी झाले. "तुम्ही शिकलेल्या पंच," भाऊ म्हणाले. "उलटतपासणीत टिकाल."

"आणि मी?" वहिनींनी आतून विचारलं.

"तू फितूर होतेस."

आता माकडांकडे येते. वाडीच्या मागे डोंगर होता आणि तिथून तांबड्या तोंडाच्या माकडांचा एक कळप खाली येत असे. फणस, आंबे खाऊन ती गेली असती तर कोणी फार बोललं नसतं. खरा त्रास कौलांचा होता. या झाडावरून त्या झाडावर जायला कळपाला आमची छपरं सोयीची पडत, आणि एकेका उडीत कौलं फुटत. मे महिन्यात फुटलेली कौलं पावसाआधी बदलली नाहीत तर आमच्याकडच्या पावसात घरात कोरडी जागा राहत नाही. समोरच्या अण्णांच्या छपराची तर दर वर्षी दुर्दशा होई. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आवाज मोठा, मन वाईट नव्हे. एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी सगळ्यांना आपल्या ओटीवर बोलावलं आणि सांगितलं, घाटावर एकाकडे ठासणीची बंदूक आहे, त्याला आणू. दोन-चार पाडली की कळप पुन्हा इकडे फिरकणार नाही.

"पाडली म्हणजे काय?" भाऊंनी विचारलं.

"नारळ पाडायचं नाय, भाऊ. मारायची."

"तो गुन्हा आहे."

"मग कौलं फोडणं गुन्हा नाय? त्यांना पण समन्स काढा ना! तुम्हीच बजावून या डोंगरात जाऊन."

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. "बजावतो," ते म्हणाले. "माझ्या रीतीने बजावतो. या वर्षी पावसापर्यंत कळप छपरांवर आला नाही, तर मोठी बंदूक वाडीत येणार नाही. आला, तर आणा. मी आडवा येणार नाही."

अण्णांनी ते मान्य केलं. करमणूक होईल असं त्यांना वाटलं असावं.

भाऊंकडे छऱ्यांची एक जुनी बंदूक होती, मधे मोडून भरायची, वाऱ्याच्या जोरावर चालणारी. त्यांनी तेलाच्या डब्यांची झाकणं गोळा केली आणि मागच्या फणसाला, आंब्यांना, जिथून माकडं छपरांकडे वळत तिथे तिथे, तारेने टांगली. कळप आला की भाऊ पडवीतून झाकणावर छर्रा मारत. ठण्ण असा आवाज होई आणि कळप उलटा डोंगराकडे पळे. मी विचारलं, त्यापेक्षा खाली उभं राहून डबा का वाजवू नये? भाऊ म्हणाले, "वाजवणारा माणूस दिसतो, बाई. दिसला की भीती जाते. कानाशी पत्रा वाजतो आणि वाजवणारा कोणी नाही, याला माकडाकडे उत्तर नाही." मग छत्रीचं टोक जमिनीवर आपटून, "ही नोटीस आहे. जप्ती नाही."

नोटीस योग्य पत्त्यावर बजावली गेली पाहिजे, म्हणून छर्रा झाकणालाच लागला पाहिजे, शेजारच्या माकडाला नव्हे. आणि दिवसातून पुष्कळदा वाजवायचं तर तो भाऊंच्या पेन्शनला परवडलाही पाहिजे. ओजस, तुझा प्रश्न तो हाच.

भाऊ महाडच्या बाजारात ज्या दुकानातून छर्रे घेत, तिथे छत्र्या, टॉर्च, गळ, कुलपं असं सगळं मिळे. दुकानदार महाडचेच मुसलमान गृहस्थ, भाऊंच्या वयाचे. त्यांचा धाकटा भाऊ कुवेतला होता. एकदा मी शाळेच्या कामाला महाडला गेले होते तेव्हा भाऊंनी मला पंच म्हणून दुकानात नेलं. त्यांनी दुकानातल्या प्रत्येक जातीची डबी उघडायला लावली. चपट्या डोक्याचे, टोकदार, गोल, देशी, परदेशी. प्रत्येकातले मोजकेच मागितले.

"भाऊ, हे छर्रे हायत, बोरं नाय, चाखून घ्यायला," दुकानदार म्हणाले.

"मी नाही चाखत. बंदूक चाखणार. तिला कोणता मानवतो ते तिलाच ठाऊक."

"मग तिलाच घेऊन या ना दुकानात! तुमच्यापेक्षा कमी बोलेल."

तरी त्यांनी निरनिराळ्या पुड्या बांधून दिल्या. हे दोघे वर्षानुवर्षं असेच बोलत आले होते. दुकानदारांवर कधीकाळी भाऊंनीच नोटीस बजावली होती, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. ओळख तिथूनच झाली.

घरी परीक्षा झाली. पडवीत बाकावर कोंड्याचं पोतं ठेवलं, त्यावर बंदूक टेकवली, म्हणजे हात हलण्याचा दोष गोळीवर जाऊ नये. विहिरीजवळ फळीला जुन्या लग्नपत्रिका उलट्या बाजूने टाचल्या. प्रत्येक जातीचे पाच छर्रे एका पत्रिकेवर. मी सुचवलं की कोणती पत्रिका कोणत्या छऱ्याची ते मला सांगू नका, बोर्डाच्या पेपरवर मुलांची नावं नसतात तसं. भाऊ इतके खूश झाले की क्षणभर वाटलं आता चहा मागतील.

त्यांची कसोटी सोपी होती. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर पास. भोकं पत्रिकेच्या मधोमध नाहीत, एका कोपऱ्यात आहेत, हे मी दाखवलं. ते म्हणाले, "कोपऱ्यात असू देत. साक्षीदाराला एकच प्रश्न पाचदा विचारायचा. पाचही वेळा तेच उत्तर आलं तर साक्षीदार पक्का. मग मधोमध आणायचं काम बंदुकीवरच्या स्क्रूचं." मी आजवर ऐकलेलं अचूकपणाचं हे सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण आहे.

पहिला नंबर एका महागड्या परदेशी छऱ्याचा आला, तो परवडणारा नव्हता. दुसऱ्या महागड्याने पाच वेळा पाच उत्तरं दिली. देशी चपट्या डोक्याच्या स्वस्त छऱ्याची चार भोकं नाण्याखाली आणि एक लांब बाहेर. भाऊ त्या एका भोकाकडे बराच वेळ बघत होते. "हा छर्रा वाईट नाही," ते म्हणाले. "याच्या डबीत वाईट संगत आहे."

तेव्हापासून डबी निवडायची पद्धत सुरू झाली. जुन्या फोटोची काच किंचित कलती ठेवून भाऊ तिच्यावरून एकेक छर्रा सोडत. मागची कडा दबलेली असली तर छर्रा वाकडा जाई, तो बाद. ज्यांच्या कडेला शिशाचा बारीक कंगोरा राहिला असेल ते बाद. उरलेले सोनाराकडून आणलेल्या जुन्या तराजूत तोलून, सारख्या वजनाचे एकत्र. यात सकाळच्या सकाळ जात.

"एवढ्या मन लावून माझे तांदूळ निवडले असते तर दाताखाली कधी खडा आला नसता," वहिनी म्हणाल्या.

"तांदूळ बंदुकीत घालून बघितला होता का कोणी?"

"तुम्ही बघाल, तुमचा काय भरवसा!"

बाद झालेले छर्रे घेऊन भाऊ पुढच्या खेपेला दुकानात गेले आणि बदलून मागितले. दुकानदार म्हणाले, "केळी खाऊन सालं परत आणता काय?" भाऊंनी ते बाद छर्रे घरी आणून वितळवले आणि वहिनींच्या विळीचा डुगडुगणारा पाय जड करायला वापरले.

निवडलेल्या देशी छऱ्यांनी काम फत्ते केलं. मार्च गेला, एप्रिल गेला. कळप येई, पत्रा वाजे, कळप जाई. एकाही छपरावर माकड चढलं नाही. अण्णांनी रस्त्यात मला थांबवून विचारलं, "बाई, तुमचा मालक मंत्र मारतो काय छऱ्यावर?" कशेडी घाटातल्या ट्रकवाल्यांपर्यंत ही गोष्ट पोचली, असं तेच सांगत होते. पोचवणारे अर्थात तेच.

मे महिन्यात दुकानदारांचे धाकटे भाऊ कुवेतहून सुट्टीवर आले. त्यांनी भाऊंसाठी म्हणून एक चपटी डबी आणली होती. आत छर्रे नव्हते. देशी छऱ्याला मधे कमर असते आणि मागून तो पोकळ असतो. या गोळ्या सरळ, भरीव, जड, आणि चकचकीत होत्या. ओजस, तू स्लग म्हणतोस ते हेच असणार. भाऊ भेट घेत नसत. तेव्हा दुकानदारांनी डबी त्यांच्या छत्रीत टाकली आणि म्हणाले, "आम्ही काय दिलं नाय, तुम्ही काय घेतलं नाय. पंच कोण हाय बघायला?"

भाऊंनी परीक्षा घेतली. तेच पोतं, तीच फळी, दोन्ही पंच. पाच गोळ्या अशा गेल्या की नाणं राहिलं बाजूला, भाऊंच्या करंगळीच्या नखाखाली सगळी भोकं झाकली. त्यातली एकही निवडावी लागली नव्हती. मी त्या पत्रिकेला दहापैकी दहा दिले. भाऊंनी ती पत्रिका देवळीत, देवाच्या तसबिरीशेजारी उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप मागच्या फणसावर आला. शाळेला सुट्टी होती, मी पडवीतच होते. झाकणाच्या खाली, पिकत आलेल्या फणसाला धरून एक माकडीण बसली होती. झाकण मोकळं होतं, मागे डोंगराचा उतार. अशा वेळी भाऊंनी शेकडो वेळा पत्रा वाजवला असेल. त्यांनी कुवेतची गोळी भरली, नेम धरला आणि चाप ओढला.

पत्रा वाजला नाही. माकडीण ओरडली. ती खालच्या फांदीवर पडली, तिथे अडकली, आणि एक मागचा पाय ओढत डोंगराकडे गेली. बाकीचा कळप तिच्या मागे.

भाऊंनी बंदूक बाकावर ठेवली. मग विहिरीजवळची फळी उचलली, तिथून बऱ्याच लांब असलेल्या फणसापर्यंत नेऊन बुंध्याला टेकवली आणि परत येऊन त्याच गोळ्या झाडल्या. मला म्हणाले, "पंच, चला." भोकं जिथे नेम धरला होता त्याच्या वीतभर खाली होती. तिथे ती विखुरलीही होती. विहिरीजवळ एक उत्तर देणारी गोळी फणसापाशी वेगळंच उत्तर देत होती. देशी हलका छर्रा त्या बंदुकीतून सरळ जाई. ही जड गोळी ढकलायचा जोर त्या जुन्या बंदुकीत नव्हता, म्हणून लांब जाताना ती पडत गेली. भाऊंनी सगळी परीक्षा जिथे गोळी चालवायची नव्हती त्या अंतरावर घेतली होती.

संध्याकाळी अण्णा आले. बरोबर वाडीतली बरीच माणसं. अण्णा रागावलेले नव्हते, उलट त्यांना भाऊंचं कौतुक वाटत होतं. "बघा," ते म्हणाले, "एक लागली आणि दिवसभर कळपाचा पत्ता नाय. एवढे दिवस घंटा वाजवत बसलात देवळातल्यासारखी! आता मोठी बंदूक बोलवूच. काम तर तुम्हीच चालू केलंय."

वहिनी दारात उभ्या होत्या. भाऊ म्हणाले, "मी चालू केलेलं नाही. माझ्याकडून चूक झाली."

"गोळी चुकली, भाऊ. तुमचा काय दोष?"

"गोळी चुकली नाही. ती जिथे जायची तिथेच गेली. चुकलो मी. नोटीस घेऊन गेलो आणि जप्ती करून आलो." मग पुढे म्हणाले, "अण्णा, आपलं पावसापर्यंत ठरलं आहे. कळप छपरावर आलेला नाही. ठरलं ते ठरलं."

अण्णांना ते पटलं नाही, पण एसटीत आयुष्य काढलेला माणूस, वेळापत्रक मोडायला त्यांना आवडत नसे. "पावसापर्यंत," ते म्हणाले. "पण मग कळप आला नाय तर मी सगळ्यांना सांगणार, छऱ्याने नाय, जखमेने गेला."

ते दिवस भाऊंना जड गेले. कळप यावा असं वाडीत फक्त त्यांनाच वाटत होतं. तो आला नाही, तर अण्णांचं म्हणणं खरं ठरणार होतं आणि पुढच्या वर्षी घाटावरचा माणूस येणार होता. भाऊ पडवीत बसून देशी छर्रे काचेवरून सोडत, आणि डोंगराकडे बघत. कुवेतची डबी त्यांनी दुकानदारांना परत केली. दुकानदारांनी ती घेऊन आतल्या फळीवर ठेवली. वहिनी रोज जेवायला दोनदा हाक मारत, हे मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

आकाश भरून येऊ लागलं त्या सुमाराला एका सकाळी अण्णा दात घासत अंगणात उभे होते. भाऊंनी पडवीतून हाक मारली, "अण्णा, हजर आहात का?"

"हा काय, तुमच्यासमोर उभा हाय!"

"इकडे या. आवाज करू नका."

अण्णा आले. मला बोलावलं नव्हतं, तरी मीही गेले. फणसावर कळप होता. खालच्या फांदीवर तीच माकडीण होती, मागचा पाय आखडलेला, तीन पायांवर सरकत. त्याच फणसाला तिने हात घातला होता.

भाऊ हळू आवाजात म्हणाले, "जिला लागली तीच आली आहे, अण्णा. पहिली आली आहे. जखमेने जात नाहीत ती. घाटावरच्या माणसाला दोन-चार मारून भागणार नाही, सगळी मारावी लागतील. सांगा, आणू त्याला?"

अण्णांच्या तोंडात अजून मशेरी होती. ते माकडिणीकडे बघत राहिले. ती फणस सोलत होती आणि मधूनच छपरांकडे पाहत होती. दोन लहान माकडं अण्णांच्याच छपराकडे वळलेल्या फांदीवर गेली. अण्णांनी बाजूला थुंकून तोंड मोकळं केलं.

"वाजवा, भाऊ," ते म्हणाले. "वाजवा लवकर, माझी कौलं फुटतील!"

भाऊंनी देशी छर्रा भरला. या वेळी त्यांनी ते झाकण घेतलं नाही. लांबच्या आंब्यावरचं, ज्याच्या आसपास एकही माकड नव्हतं, ते घेतलं. ठण्ण असा आवाज झाला आणि कळप डोंगराकडे गेला. ती माकडीण सगळ्यांच्या मागून गेली.

पुढे आम्ही महाडला राहायला आलो. भाऊ दोन हजारच्या दशकात गेले, वहिनी त्यांच्यानंतर थोड्याच दिवसांत. बंदूक कोणाकडे आहे ते मला माहीत नाही. अण्णांच्या मुलाने कौलं काढून स्लॅब घातला.

ओजस, स्वस्त डबी घे आणि निवडून वापर. पाच-पाच झाडून बघ, आणि जिथे मारायचं आहे त्याच अंतरावरून बघ.

घाटावरचा माणूस त्या वाडीत कधीच आला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी पोलादपूरला गेले होते. माकडं अण्णांच्या स्लॅबवर बसली होती. कळप तिथेच आहे.

तुमची,
आजी